झाडंच लावली ना त्यानं?

ही पोस्ट लिहावी की नको, या विचारात चार महिने गेले. बायको म्हणाली, "कशाला लिहिता? लोक म्हणतील, यांच्या नर्सरीत असलं काही मिळतं." तिचं अगदीच चूक नाही. पण परवा एका ओळखीच्या माणसानं विचारलं, "आमचा मुलगा रूमवर कुंड्यांत काहीतरी लावतोय, तुमच्याकडूनच नेलं म्हणे सामान, चांगला नाद आहे ना?" आणि मला रात्रभर झोप लागली नाही. त्या मुलाच्या कुंड्यांत पुदिना निघाला, ती गोष्ट वेगळी. पण म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

पैठण रोडला माझी नर्सरी आहे. बावीस वर्षं झाली. गुलाब, जास्वंद, क्रोटन, बोगनवेल, मोगरा, आणि हंगामात मिरची-टोमॅटोची रोपं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत ते लागणार आहे.

आपल्याकडची काळी माती कापसाला सोनं, पण कटिंग लावायला वाईट. पाणी धरून बसते, फांदीला मुळं फुटायच्या आत बुडखा सडतो. म्हणून आम्ही कोकोपीट वापरतो. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो भुसा उरतो, तो दाबून विटा करतात. बहुतेक माल तमिळनाडू-केरळकडून येतो. पाच किलोची एक वीट पाण्यात टाकली की फुगून मोठं घमेलंच्या घमेली भरतात. हलकं, भुसभुशीत, पाणी धरतं आणि हवाही खेळू देतं. एकच खोड असते, त्यात मीठ असतं, ते धुऊन काढावं लागतं. आणि आपल्या शहरात नळाला पाणी कधी येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे बहुतेक लोक बोअरच्या खाऱ्या पाण्यानंच धुतात आणि मग पानं पिवळी पडली म्हणून माझ्याकडे येतात.

मागच्या श्रावणात एक मुलगा आला. एकवीस-बावीस वर्षांचा. हिंगोलीकडचा, कापूस-सोयाबीनवाल्या घरचा. पदवी झालेली, इथं रूम करून तलाठी भरतीची तयारी करत होता. बोलायला गोड. कोकोपीटची एक वीट घेतली, प्रो-ट्रे घेतला. आठ दिवसांनी परत आला, रूटिंग पावडर घेतली. कटिंग कशी घ्यायची, बुडाची पानं का काढायची, ओल किती ठेवायची, सगळं विचारलं. मी तासभर बसवून दाखवलं, जास्वंदीच्या फांदीवर. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आजकाल मोबाइल सोडून मातीत हात घालणारं पोरगं दिसत नाही. चहा पाजला त्याला.

त्यानं एक प्रश्न विचारला होता. "काका, कटिंगपासून आलेलं झाड आईच्या झाडासारखंच येतं ना? नर-मादी बदलत नाही ना?"

नर-मादी? जास्वंदीत, गुलाबात, मोगऱ्यात असला प्रश्नच येत नाही. एकाच फुलात दोन्ही असतं. हा प्रश्न पपईवाला विचारतो, आणि पपई कोणी कटिंगवर करत नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. पण गिऱ्हाईक उभं होतं, मी म्हणालो, "बदलत नाही. जशी आई तसंच."

तिसऱ्या वेळी त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. पानाच्या कडा करपल्या होत्या. फोटो असा मोठा केलेला की एकच पान दिसावं, त्याचंही टोक. पण कातरलेली कड लपत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, "झेंडू आहे काका."

बावीस वर्षं झेंडूची रोपं विकतोय मी. दसरा-दिवाळीला माझं निम्मं घर झेंडूवर चालतं. झेंडूचं पान मी अंधारात वासानं ओळखतो.

आणि तरी मी काय म्हणालो माहितीये? "बोअरचं पाणी वापरतोस ना? खारं आहे. गोड्या पाण्यानं दोनदा धुऊन घे." एकशे ऐंशी रुपयांचं सामान दिलं, बिल फाडलं. तो "थँक्यू काका" म्हणून गेला.

ओळखलं होतं मी. आणि बोललो नाही. ही पोस्ट त्याबद्दल आहे.

दिवाळीनंतर एका पोलीस ठाण्यातून फोन आला. नाव घेत नाही, तिथल्या लोकांनी माझ्याशी वाकडं वागलं नाही. एका खोलीवर कारवाई झाली होती, कपाटात दिवे लावून सात झाडं, आणि ड्रॉवरमध्ये माझ्या नर्सरीची तीन बिलं. माल काय विकला, कोणाला विकला, एवढंच विचारायचं होतं. कोकोपीट विकणं गुन्हा नाही. जबाब दिला, सही केली, निघालो.

बाहेर बाकड्यावर त्याचे वडील बसले होते. पांढरा सदरा, पायात चपला, हातात पिशवी. पिशवीत पोराचे कपडे आणि भाकरी. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं की हा नर्सरीवाला. ते उठून उभे राहिले.

"भाऊ, ते कोकोपीट म्हंजी काय असतंय? नशेचं असतंय का ते?"

"नाही हो. नारळाचा भुसा असतो."

"मंग भुशासाठी धरलंय का लेकराला?"

"नाही. झाडांसाठी."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "झाडंच लावली ना त्यानं? कुणाला मारलं नाही, कुणाचं चोरलं नाही. झाडंच लावली ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माणसानं आयुष्यभर झाडंच लावलीत. त्याला हे कसं समजवायचं?

घरी आलो आणि ओळखीच्या वकिलांकडे जाऊन बसलो. त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी नंतर दहा-बारा जणांना विचारलं, शिकलेल्या लोकांना, कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून इथं साध्या भाषेत लिहितो.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात गांजा जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपेक्षा कमी म्हणजे 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त म्हणजे 'व्यापारी प्रमाण', तिथं किमान दहा वर्षं, वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. मधल्याला दहा वर्षांपर्यंत.

पण झाड लावलं तर? लागवडीच्या कलमात वजनच नाही. कलम २० चा पहिला भाग, गांजाच्या झाडाची लागवड, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शेतात दोन एकर लावा नाहीतर कपाटात एक कुंडी ठेवा, कलम तेच. न्यायाधीश शिक्षा कमी देऊ शकतात, पण गुन्हा त्याच पायरीवर नोंदतो आणि खटला विशेष न्यायालयात चालतो.

म्हणजे बघा. खिशात पुडी घेऊन फिरणारं पोरगं एक वर्षाच्या कलमात आणि "आपलं आपण लावू, बाहेरच्या भानगडीत पडायला नको" म्हणणारं पोरगं दहा वर्षांच्या कलमात. हा मुलगा जामिनावर सुटल्यावर वडिलांना घेऊन नर्सरीत आला होता. तेव्हा त्यानं मला हेच सांगितलं. पुडी विकणाऱ्यांची भीती वाटायची, फसवायचे, कधी त्यात काय मिसळलेलं असेल याचा भरोसा नाही, म्हणून घरी लावलं. "काका, मला वाटलं हे सेफ आहे."

त्याला हे कुठून कळलं होतं? व्हिडिओतून. मी ते व्हिडिओ बघितले. सगळे बाहेरचे. कॅनडात २०१८ पासून घरी चार झाडांपर्यंत चालतात. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. तिथला माणूस हसत हसत दाखवतो, त्याला त्याच्या देशात काही होणार नाही. व्हिडिओ कॅनडाचा, कुंडी देवळाईची. मध्ये कायदा बदलतो, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

वर आपल्याकडेही गोंधळ कमी नाही. २०२१ पासून भांगेच्या झाडाच्या बिया अन्न म्हणून विकायला परवानगी आहे, ऑनलाइन पाकिटं मिळतात. उत्तराखंडमध्ये धाग्यासाठी आणि बियांसाठी, नशा नसलेल्या जातीची परवान्यानं शेती होते. कायद्यातल्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा. नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाशिवरात्रीला वेरूळच्या बाजूला साधूंच्या चिलमी आपण सगळ्यांनीच बघितल्यात. हे सगळं बघून पोराला वाटतं, चालतंय की. पण लागवडीच्या कलमात फुलोरा, पान असा भेद नाही. तिथं 'झाड' लिहिलंय. फूल यायच्या आधीचं रोपही झाडच.

सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली एका निकालात सांगितलंय की जागेत झाड सापडलं म्हणून तेवढ्यावर लागवड सिद्ध होत नाही, ते त्या माणसानं लावलं, जोपासलं, हे दाखवावं लागतं. रानात आपोआप उगवणाऱ्या झाडासाठी हे बरोबरच आहे. पण प्रो-ट्रे, कोकोपीट, कपाटात दिवे, आणि माझी तीन बिलं? आपोआप उगवलं असं कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट वकिलांनी सांगितली, ती ऐकून मला जास्त वाईट वाटलं. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. म्हणजे कायद्यानं एक दार उघडं ठेवलंय. पण ते लागवडीसाठी नाही. पोरानं झाड लावलं आणि ते दार स्वतःच्या हातानं बंद केलं. त्याला माहीतही नव्हतं की असं दार आहे.

आणि तलाठी भरती. सरकारी नोकरीत रुजू होताना चारित्र्य पडताळणी होते, प्रलंबित गुन्हा सांगावा लागतो. याच कायद्याच्या कलम ४७ मध्ये लिहिलंय की सरकारी अधिकारी, पंच, सरपंच, गावचे कामगार, यांना कुठं बेकायदा लागवड दिसली तर ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे. उद्या तलाठी झाला असता तर हे त्याचं काम होतं. दोन वर्षं रात्रंदिवस पुस्तकं वाचली पोरानं, त्यात हे कलम कुठं आलं नाही.

आता काही लोक म्हणतील, कायदाच चुकीचा आहे. असेल. त्यावर वाद व्हायलाच हवा. इंग्रजांनी १८९३ मध्ये याच विषयावर आयोग नेमला होता, हजारावर साक्षी घेतल्या, आणि माफक सेवनानं मोठी हानी होत नाही, सरसकट बंदी नको, असं म्हटलं होतं. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचं मतदान झालं तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं शेतमालाला भाव नाही म्हणून गांजा लावायची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मागितली. परवानगी मिळाली नाही, पण त्यानं उजेडात मागितली. मला ती पद्धत पटते. ज्याला कायदा बदलायचाय त्यानं अर्ज करावा, मोर्चा काढावा, कोर्टात जावं. वीस वर्षांच्या पोराच्या कपाटात हा वाद लढवू नये. कारण तिथं हरतो तो एकटा पोरगा आणि बाकड्यावर बसलेला त्याचा बाप.

आणि काही लोक म्हणतील, बरं झालं, अशांना धडाच शिकवायला हवा. त्यांना एवढंच विचारतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पैठण एमआयडीसीतल्या कारखान्यावर धाड पडली. गुजरातचे पोलीस आणि केंद्राची यंत्रणा आली होती. कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन, किंमत अडीचशे कोटींच्या पुढे सांगितली गेली. माझ्या नर्सरीवरून तोच रस्ता जातो. आपल्यापैकी कोणाला वास आला होता का? आणि गल्लीबोळात 'बटन' म्हणून झोपेच्या गोळ्या मिळतात, त्या कोण विकतं हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत असतं. तेव्हा आपण गप्प. मी झेंडूच्या वेळी गप्प बसलो, तसेच. फरक नाही.

मी स्वतःला खूप वेळा विचारलं, का बोललो नाही? एकशे ऐंशी रुपयांसाठी? नाही. खरं कारण सांगतो. मला वाटलं, आपल्याला काय करायचंय. बोललो तर पोरगा भांडेल, खोटं पडलो तर लाज जाईल, पोलिसांत सांगितलं तर त्याचं आयुष्य जाईल. 'पोलिसांत सांगणे' आणि 'गप्प बसणे' या दोनच गोष्टी मला सुचल्या. तिसरी होती. तो चहा पीत बसला होता तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "बाळा, हा झेंडू नाही. आणि याला दहा वर्षांचं कलम आहे. आज घरी जा आणि हे संपव." एवढंच. तीन वाक्यं. पण दुसरं वाक्य बोलायला ते कलम मला माहीत असायला हवं होतं.

म्हणून माझी विनंती आहे. मोठी नाही.

कॉलेजवाल्यांनो, अभ्यासिकावाल्यांनो, २६ जूनला व्यसनमुक्तीची शपथ देता, द्या. पण त्या दिवशी एका वकिलाला बोलवा आणि अर्धा तास कलमं समजावून सांगा. पुडीला काय, झाडाला काय, मित्राला फुकट दिलं तरी काय. "नशा वाईट" हे पोरांनी हजारदा ऐकलंय. "झाडाला वजन नाही" हे एकदाही नाही.

घरमालकांनो, फक्त भाडं आणि डिपॉझिट बघू नका. माहीत असून खोली अशा कामाला वापरू दिली तर तुमच्यावरही गुन्हा होतो. महिन्यातून एकदा वर जाऊन पोरांना "जेवला का रे" विचारा. खोलीही दिसते आणि पोरगाही.

गावाकडच्या आईबापांनो, पैसे पाठवता तसं एकदा येऊन रूम बघून जा. न सांगता नाही, सांगूनच या. पोरगं आवरून ठेवील, तेही चांगलंच.

आणि ज्या मुलाच्या कपाटात आज काही असेल, त्यानं हे वाचून घाबरून पळू नये. सवय लागली असेल तर आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन आहे, १९३३ हाही आहे. तिथं बोलायला लाज वाटली तर माझ्याकडे ये. चहा आहे. आता मी बोलेन.

नर्सरीवाल्या भावांनो, एक मात्र नको. उद्यापासून कोकोपीट नेणाऱ्या प्रत्येक पोराकडे चोरासारखं बघू नका. शंभरातले शंभर जण मोगरा, मिरची, पुदिनाच लावणार आहेत. पोरं मातीकडे येतायत, त्यांना हाकलू नका. फक्त विचारा, "काय लावतोस?" आणि उत्तर ऐकून दोन मिनिटं बोला.

तो मुलगा आता गावी आहे. केस चालू आहे. गेल्या महिन्यात वडिलांचा फोन आला होता, मिरचीचं रोप पाहिजे म्हणून. मी ट्रे बांधून ठेवले. न्यायला तोच आला. ट्रे उचलताना त्यानं एक रोप बोटानं उचलून मुळं बघितली, पांढरी, भरगच्च. म्हणाला, "चांगली धरलीत काका." पैसे मी घेतले, कारण नाही घेतले तर त्याच्या बापाला आवडलं नसतं.

तो कोण, कुठला, हे कृपा करून शोधू नका. नाव मी मुद्दाम सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरात रूमवर राहणारं पोरगं आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.